सव्वीसचं माप

शाळेत सगळे तिला मावशी म्हणायचे, पण शिक्षकांच्या खोलीत तिच्या माघारी तिचं नाव होतं ‘तिजोरी’. चित्रकलेच्या सरांनी ते ठेवलं होतं, आणि काही वाईट मनानं नाही. या बाईच्या कानात काहीही टाका, बाहेर येणार नाही, हा एकवीस वर्षांचा सगळ्यांचा अनुभव. कुणाचं सासूशी बिनसलंय, कोण गुपचूप दुसरीकडे नोकरी बघतंय, कुणाचा नवरा घर सोडून गेलाय, सगळं तिच्या पोटात. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, एकदा पेपर तपासता तपासता ढसाढसा रडल्या होत्या. मावशीनं पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला, दार ओढून घेतलं आणि त्या दिवशीपासून आजपर्यंत त्यातलं अवाक्षर काढलं नाही. आपल्याला काय म्हणतात ते तिला ठाऊक होतं. खरं सांगायचं तर तिला त्याचा अभिमान होता.

तिचं काम सांगायला एक आणि करायला दहा. सकाळी सातला फाटक उघडलं की घंटा तिची, पाण्याच्या टाक्या तिच्या, मुलींच्या बाथरूमची साफसफाई तिची, बालवर्गाची वाहती नाकं आणि सुटलेल्या नाड्या तिच्या. आणि जिन्याखालचं कपाट तिचं. त्या कपाटाची किल्ली तिच्या कमरेला असायची, आणि मोठ्या बाईंनासुद्धा ते उघडायचं झालं तर आधी तिला हाक मारावी लागायची.

कपाटात काय होतं म्हणाल, तर चड्ड्या. हसू नका. लहान पोरांना वर्गात शू होते, कुणी उलटी करतं, कुणी चिखलात बसकण मारतं. अशा पोराला ओल्या कपड्यांत दिवसभर बसवायचं? मावशी त्याला बोट धरून जिन्याखाली आणायची, पुसायची, कोरडे कपडे घालायची आणि वर्गात परत सोडताना बाईंना सांगायची, “पाणी सांडलं हो अंगावर.” अख्ख्या शाळेत एकवीस वर्षं पाणीच सांडत होतं. पोराची लाज राखायची, हा तिचा नियम. तो तिला कुणी शिकवला नव्हता, तिनंच केला होता.

कपडे शिवायचा तिचा नवरा. तो शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं मशीन, आणि गिऱ्हाइकांच्या कापडातून उरलेल्या तुकड्यांतून तो शाळेच्या चड्ड्या आणि स्कर्ट काढायचा. अठराचं माप, वीसचं, फार तर बावीसचं. “माझं आयुष्य बालवर्गाच्या बुडाला वाहिलेलं आहे,” असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा.

आणि कपाटात एक वही. चार रकाने: तारीख, वर्ग, काय दिलं, परत. कपडे घरी जायचे, धुऊन परत यायचे, काही आया विसरायच्या, मग मावशी फाटकात उभी राहून आठवण करायची. ‘परत’च्या रकान्यात खूण झाली की तिचा जीव शांत व्हायचा. त्या वहीत ती पोरांची पूर्ण नावं लिहीत नसे. एखादं अक्षर, एखादी खूण. वही कुणाच्या हाती लागली तर पोराचं हसं नको.

त्या वहीत ‘रे’ हे अक्षर पहिल्यांदा आलं ते शाळेचं दुसरं सत्र सुरू झालं त्या आठवड्यात.

रे म्हणजे रेडिओ. चौथीतली पोर, नऊ वर्षांची. बालवर्गात आली तेव्हापासून तिचं तोंड बंद म्हणून नसायचं. मांजरीला पिल्लं झाली इथपासून ते आईबाबांचं भांडण कशावरून झालं इथपर्यंत सगळ्या बातम्या ती जिन्याच्या पायरीवर बसून द्यायची. मावशीनंच तिला रेडिओ म्हणायला सुरुवात केली. पोरीलाही ते आवडायचं. “आता बातम्या ऐका,” असं म्हणूनच ती सुरू व्हायची.

त्या मंगळवारी दुपारची सुट्टी संपल्यावर बाथरूमचं एक दार आतून लावलेलं होतं. मावशीनं ठोठावलं. आवाज नाही. खालून बघितलं तर ओळखीचे बूट आणि ओले मोजे.

“अगं रेडिओ, तू होय? उघड. मी एकटीच आहे.”

दार उघडलं. पोर भिंतीला पाठ लावून उभी. नऊ वर्षांच्या पोरीला असं होतं तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं होतं, हे मावशीला सांगायला नको होतं. तिनं एक प्रश्न विचारला नाही. कपाटात त्या मापाचं काही नव्हतं, तेव्हा बावीसची चड्डी कशीबशी चढवली आणि स्कर्टला पिन लावून दिली.

“आईला सांगू नको,” रेडिओ म्हणाली.

“नाही गं.”

“कुणालाच?”

“कुणालाच नाही. शप्पथ.”

मग मावशीनं एक युक्ती केली. पोरीचे स्वतःचे कपडे तिथल्या तिथे धुतले, मागच्या तारेवर टाकले, साडेचारच्या आत इस्त्री फिरवून कडकडीत कोरडे केले आणि शाळा सुटायच्या आधी तिला परत घातले. पोर जशी घरून आली तशी घरी गेली. कुणाला म्हणून पत्ता नाही. वहीत ‘रे’पुढे त्याच दिवशी ‘परत’ लिहिलं. पोर वाकून बघत होती. “लिहिलंस ना परत?” तिनं दोनदा विचारलं. लिहिलं म्हणजे मिटलं, असं तिला वाटत असावं. मावशीलाही तसंच वाटलं.

संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, “अहो, सव्वीसचं माप करा एक-दोन.”

त्यानं मशीनवरून मान वर केली. “सव्वीस? आता घोड्यांनाही होतंय का?”

“होतं कधी कधी. थंडी असेल.”

“करतो,” तो म्हणाला. दोन चड्ड्या आणि एक स्कर्ट शिवून दिला. नीट, दुहेरी शिलाईचा. काम झालं. दोघं नवरा-बायको आपापल्या कामात चोख, आणि दोघांपैकी एकालाही दुसरा प्रश्न सुचला नाही.

असे चार महिने गेले. रेडिओ अधूनमधून जिन्याखाली यायची. हळूहळू बातम्या बंद झाल्या. “काय गं, सेल संपले का?” मावशी तिला हसवायला म्हणायची. पोर हसायची नाही. मावशी मनात म्हणायची, मोठी होतेय, लाजतेय.

मग ते प्रशिक्षण आलं.

शाळांना वरून आदेश आला होता: मुलांशी होणारे गैरप्रकार ओळखायचे कसे, कळवायचे कुठे, हे सगळ्या कर्मचाऱ्यांना शिकवायचं, आणि शिकवलं म्हणून सह्या घ्यायच्या. गुरुवारी अर्ध्या दिवसानंतर मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. मोठ्या बाईंनी मावशीला सांगितलं, “एकोणतीस खुर्च्या मांडा, आणि चहाचं बघा.” बालसंरक्षण कार्यालयातून एक बाई आल्या. बुटक्या, आवाज बसलेला, खांद्याला भली मोठी पिशवी. त्यांनी खुर्च्या मोजल्या.

“शाळेत पगारपत्रकावर किती माणसं?”

“सदतीस,” मोठ्या बाई म्हणाल्या. “पण शिक्षक एकोणतीस. बाकी शिपाई, सफाईवाले, व्हॅनवाले…”

“मग आठ खुर्च्या कमी आहेत.”

“त्यांना आम्ही नंतर समजावून सांगू.”

“बाई, रागावू नका,” त्या म्हणाल्या, “पण मुलं वर्गात तोंड उघडत नाहीत. ती बाथरूममध्ये उघडतात, व्हॅनमध्ये उघडतात, फाटकाशी उघडतात. मी चहा नंतर घेईन. आधी त्या आठांना बोलवा.”

मावशी हातात किटली घेऊन दारातच उभी होती. ती मागच्या रांगेत जाऊन बसली. शेजारी फाटकावरचा पहारेकरी. त्याला वाटत होतं, आपली काही तरी चौकशी आहे.

कार्यालयातल्या बाईंनी भाषण ठोकलं नाही. खुर्ची ओढून बसल्या आणि बोलत राहिल्या. म्हणाल्या, मूल सरळ येऊन सांगेल याची वाट बघू नका. बोलकं मूल गप्प होतं. मोठं मूल पुन्हा अंथरूण नाही तर कपडे ओले करायला लागतं. ठराविक दिवशी पोटात दुखतं, ठराविक माणूस न्यायला आला की पाय ओढत जातं. त्याचा अर्थ दर वेळी तोच असतो असं नाही. पण अर्थ लावणं तुमचं काम नाही. तुमचं काम कळवणं. त्याच दिवशी, आणि स्वतः. वरिष्ठांच्या कानावर घातलं म्हणजे सुटलो, असं नाही. वरिष्ठांना सांगा, जरूर सांगा, पण फोन तुम्हीच करायचा. मुलाला खोदून खोदून विचारायचं नाही. ते बोललं तर त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं. ज्याच्यावर संशय आहे त्याला सुगावा लागू द्यायचा नाही. मुलाचे कपडे असतील तर धुवायचे नाहीत, कागदी पिशवीत ठेवायचे.

“आणि एक,” त्या म्हणाल्या. “कुणाला सांगणार नाही असं वचन मुलाला कधीही द्यायचं नाही. ते वचन तुमच्या तोंडून निघालं, की जो त्या मुलाला त्रास देतो त्याच्या बाजूचे तुम्ही झालात. मनात नसलं तरी झालात.”

पहारेकरी कानाशी पुटपुटला, “मावशे, किटली कलंडतेय.” तिनं किटली खाली ठेवली. सही करायला कागद आला तेव्हा स्वतःचं नाव लिहिताना तिची दोन अक्षरं सुटली.

हॉल रिकामा झाल्यावर तिनं खुर्च्या उचलल्या नाहीत. जिन्याखाली गेली, वही काढली आणि पायरीवर बसून बोटानं एकेक ओळ खाली येत राहिली. रे. रे. रे. सतरा वेळा. तारखांपुढे वार लिहायची तिची पद्धत नव्हती, म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. मंगळवार. शुक्रवार. शुक्रवार. मंगळवार. सतराच्या सतरा, आणि सगळे दुपारच्या सुट्टीनंतरचे.

मंगळवारी आणि शुक्रवारी रेडिओला न्यायला आई येत नसे. आई दवाखान्यात कामाला, त्या दोन दिवशी तिची उशिराची पाळी. बाप दुसऱ्या गावी नोकरीला. मग यायचे ‘काका’: बापाचे दोस्त, त्यांच्याच घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहणारे. स्कूटरवर यायचे, पहारेकऱ्याला पेपर वाचायला द्यायचे, मावशीला हसून ‘ताई’ म्हणायचे. चांगला माणूस. किती तरी वेळा पोर रेंगाळली होती, बूट बांधत बसली होती, आणि मावशीनं स्वतः तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं होतं, “जा बाळ, काका कधीचे उभे आहेत.” इस्त्री केलेल्या कोरड्या कपड्यांत, स्वतःच्या हातानं पाठवलं होतं.

त्या संध्याकाळी घरी ती नुसती बसून राहिली. नवऱ्यानं दोन-तीनदा चेष्टा करून बघितली. मग मशीन थांबवलं. “काय झालं ते सांग तरी.”

ती तिजोरी, एकवीस वर्षांत शाळेतलं काही घरी आणलं नव्हतं. त्या दिवशी तिनं सगळं सांगितलं. नवरा ऐकत राहिला.

“सव्वीसचं माप तू मागितलंस,” तो म्हणाला, “आणि मी मुकाट्यानं शिवून दिलं. मी कपडे शिवणारा माणूस. नऊ वर्षांच्या पोरीला शाळेत जास्तीची चड्डी का लागते, हे मला कळायला नको होतं?”

“तुम्ही कशाला स्वतःला लावून घेता?”

“मग कुणाला लावू? उद्या शुक्रवार आहे ना?”

“हो.”

“मग उद्याच काय ते कर.”

शुक्रवारी सकाळी घंटा देऊन ती मोठ्या बाईंच्या खोलीत गेली आणि वही पुढ्यात ठेवली. बाई काही दगडाच्या नव्हत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. सतरा ओळी दोनदा वाचल्या.

“मावशी, फार मोठी गोष्ट आहे ही. एखादा माणूस आयुष्यातून उठेल. शाळेचं नाव, पोरीचं नाव… आणि समजा तसं काही नसलं तर?”

“बाई, काल त्या म्हणाल्या…”

“ऐकलंय मी. सोमवारी तिच्या आईला बोलावते. आधी नीट खात्री करू. माझ्यावर सोपवा.”

आणि खोटं कशाला बोला, मावशीला त्या क्षणी हलकं वाटलं. सोपवलं. आता मोठ्या बाई बघतील. ती पाण्याच्या टाक्या बघायला गेली, बालवर्गात कुणाची तरी नाडी बांधली. जन्मभराची सवय होती ती: वरच्याच्या कानावर घालायचं आणि आपल्या कामाला लागायचं.

सव्वादोनला सुट्टी संपली. अडीचला रेडिओ जिन्याखाली उभी होती.

मावशीनं कपाट उघडलं. सव्वीसची चड्डी काढली, स्कर्ट काढला. पोरीनं कपडे बदलले आणि ओले कपडे सवयीनं बादलीत टाकायला गेली. मावशीनं ते तिच्या हातातून घेतले आणि कागदी पिशवीत घातले.

“धुणार नाहीस?”

“आज नाही.”

“मग मी घरी काय घालून जाऊ?” पोरीचा आवाज चढला. “काका विचारतील. आज काका येणारेत. मला त्यांच्याबरोबर नाही जायचं, मावशी. ते वर घेऊन जातात आणि दार लावतात.”

एवढंच बोलली आणि स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. मावशीच्या जिभेवर शंभर प्रश्न आले. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. मग म्हणाली, “मला सांगितलंस ते फार चांगलं केलंस. तुझी काही चूक नाही यात.”

“कुणाला सांगणार नाहीस ना? शप्पथ घेतली होतीस.”

समोर पोर, ओठ थरथरतायत, आणि एक शब्द दिला की ती शांत होणार. ‘नाही गं’ म्हणायला काय लागतं? सतरा वेळा म्हटलं होतं.

“सांगणार,” मावशी म्हणाली. “जे तुला मदत करतील त्यांना सांगणार. शप्पथ घेतली तेव्हा माझं चुकलं.”

रेडिओनं तिच्याकडे असं बघितलं की ते बघणं मावशी मरेपर्यंत विसरणार नाही. “तू पण खोटारडी,” ती म्हणाली. “मी तुला कधीच काही सांगणार नाही.” मग ती भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. मावशीनं तिला जवळ ओढलं नाही. पोरीला ते नको होतं. पण ती तिथून हललीही नाही. एका पोराकरवी चौथीच्या बाईंना बोलावून पोरीजवळ बसवलं, वहीच्या शेवटच्या पानावर पोरीचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं, वेळ घातली. वहीच्या पुठ्ठ्याच्या आत काल प्रशिक्षणात उतरवून घेतलेला, असं काही कळवायचा नंबर होता. तो फिरवला आणि घाबरत घाबरत स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं.

पाच मिनिटांत कार्यालयातल्या त्याच बसलेल्या आवाजाच्या बाईंचा उलटा फोन आला. “आम्ही निघतोय. पोचायला पाच वाजतील. तोवर पोरगी त्या माणसाच्या ताब्यात जाता कामा नये, आणि त्याला संशयही येता कामा नये. तिच्या आईला मी कळवते. जमेल?”

“जमवते.”

मग ती मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. सगळं सांगितलं.

“मला न विचारता फोन केलात?”

“विचारायचं नसतं, बाई. नुसतं सांगायचं असतं. म्हणून सांगायला आले. सोमवार फार लांब आहे. तो साडेचारला येतोय.”

टेबलावर कालच्या सह्यांचा कागद होता, सदतीस सह्या, सगळ्यांत वर मोठ्या बाईंची. त्या कागदाकडे बघत राहिल्या. मग उठल्या आणि साडी सारखी करून म्हणाल्या, “घंटा वेळेवर द्या. फाटकावर मी येते.”

साडेचारला घंटा झाली. पोरांचा लोंढा बाहेर पडला. स्कूटर नेहमीच्या जागी उभी होती, पहारेकऱ्याच्या हातात पेपर. काका हसत पुढे आले. मोठ्या बाईच बोलल्या. एकवीस वर्षांत मावशीनं त्यांना खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशी बोलल्या, आणि काय सफाईनं बोलल्या! “चौथीची नाटकाची तालीम आहे, फार उशीर होणार आहे. तिच्या आईला कळवलंय, ती येऊन नेईल.”

“अहो, थांबतो की मी. मला कसली घाई?”

“नको, उगाच खोळंबा.”

तो मावशीकडे वळला. तेच हसू. “ताई, तुम्ही तरी सांगा ना बाईंना. पोर दमलेली असते हो.”

“सांगितलंय मी,” मावशी म्हणाली.

तो क्षणभर घुटमळला. मग स्कूटर सुरू करून गेला. मावशीनं फाटकाची कडी धरली आणि वळणापर्यंत बघत राहिली. पहारेकऱ्याला काही कळलं नव्हतं, पण त्यानं तो पेपर घडी करून कचऱ्याच्या डब्यात टाकला.

पुढचं सगळं कार्यालयाच्या, पोलिसांच्या आणि कोर्टाच्या वाटेनं गेलं. रेडिओ बोलली, पण मावशीशी नाही. खेळणी ठेवलेल्या एका खोलीत, ज्यांना ऐकायचं कसं ते शिकवलेलं असतं अशा बाईंशी, एकदाच आणि सगळं. त्या माणसाला त्याच संध्याकाळी धरलं. वही आणि कागदी पिशवी पोलिसांनी पावती देऊन नेली. अधिकारी तरुण होता, वाईट नव्हता. पानं उलटता उलटता त्यानं विचारलं, “या सतरा नोंदी तुमच्याच हातच्या?”

“हो.”

“आणि दर वेळी कपडे…?”

“दर वेळी धुतले मी. इस्त्री करून दिले.”

त्यानं मान खाली घालून लिहून घेतलं.

त्या संध्याकाळी आई आली होती ती दवाखान्यातल्या कपड्यांतच. आधी पोरीला कवटाळून बसली. मग तिला मावशी दिसली. “चार महिने?” ती ओरडली. “चार महिने माझी पोर तुमच्याकडे येत होती, आणि तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत? मी रोज तिची वेणी घालत होते! मला का नाही सांगितलंत?” मोठ्या बाई मध्ये पडायला गेल्या, तर मावशीनंच त्यांना हातानं थांबवलं. त्या बाईचं खरं होतं. मावशी उभी राहून ऐकत राहिली. पंधरा दिवसांत मायलेकींनी घर बदललं, शाळा बदलली.

मावशीचं काम तेच राहिलं. घंटा, टाक्या, नाड्या. कपाटात नवी वही आली, आणि तिच्यात पाचवा रकाना आला: ‘कोणाला कळवलं’. लहान पोरांच्या पुढे तिथे ‘आई’ असतं, ‘वर्गाच्या बाई’ असतं. पोराची लाज ती अजून राखते, वर्गासमोर अजून पाणीच सांडतं. पण तो रकाना रिकामा राहत नाही. पुढल्या वर्षीच्या प्रशिक्षणाला मोठ्या बाईंनी स्वतः उभं राहून सदतीस खुर्च्या मांडून घेतल्या. चित्रकलेच्या सरांनी एकदा सवयीनं ‘तिजोरी’ म्हटलं, तेव्हा मावशी त्यांना तोंडावर म्हणाली, “सर, ते नाव नका हो घेऊ आता.” त्यांनी पुन्हा घेतलं नाही.

रात्री-अपरात्री नाही, भर दिवसा, भाजी निवडताना, जिना पुसताना तिला ते आठवायचं: भिंतीकडे तोंड केलेली पोर, आणि ‘तू पण खोटारडी’. नवरा म्हणायचा, “तू तिला वाचवलंस.” ती म्हणायची, “सतरा वेळा नाही वाचवलं.” सव्वीसचं माप त्यानं पुन्हा कापलं नाही. कुणासाठी लागलंच तर आधी कारण सांग, म्हणायचा.

दीड वर्ष गेलं. एका दुपारी पहारेकरी सांगायला आला, फाटकाशी कुणी बाई आल्यात. रेडिओची आई होती. एकटीच. केस थोडे पिकलेले, हातात पिशवी. मावशीला वाटलं, पुन्हा बोलणार. बोलू दे, तिचा हक्क आहे.

आईनं पिशवी पुढे केली. आत एक चड्डी आणि एक स्कर्ट, दुहेरी शिलाईचा. धुतलेला, इस्त्री केलेला. त्या शुक्रवारी पोरीच्या अंगावर गेला होता, तो.

“घर बदलताना खोक्यात राहिला,” आई म्हणाली. “परवा तिला सापडला. म्हणाली, देऊन ये. मावशीच्या वहीत माझ्यापुढे ‘परत’ लिहायचं राहिलंय.”

“कशी आहे?” मावशीनं विचारलं.

“बरी आहे. कधी नसते. पण परत बोलायला लागलीय. कधी कधी तर नको म्हणेपर्यंत.” आईनं पदरानं तोंड पुसलं. “मी तुम्हाला त्या दिवशी बोलले…”

“बरोबर बोललात.”

“हो,” आई म्हणाली. “बरोबरच होतं. पण फोन तुम्ही केलात, हेही मला माहीत आहे. आणि तिनं तुम्हाला एक विचारायला सांगितलंय. मावशी अजून सांगते का, म्हणाली. दुसऱ्या कुणी पोरीनं नको म्हटलं, रडली, शप्पथ घे म्हणाली, तरी सांगते का? उत्तर घेऊनच ये, म्हणाली.”

“सांगते म्हणावं,” मावशी म्हणाली. “ती चिडली तरी सांगते.”

आईनं मान हलवली आणि ती गेली. जुनी वही कोर्टात होती. मावशीनं नवी उघडली, आजची तारीख घातली, ‘रे’ लिहिलं आणि पुढे लिहिलं, ‘परत’. मग पिशवीतले कपडे कपाटात न ठेवता ती तशीच पायरीवर बसून राहिली, आणि साडेचारची घंटा त्या दिवशी दोन मिनिटं उशिरा झाली.